दुसरी वेलांटी

बाईंना निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली होती, तरी त्या वसतिगृहाच्या फाटकातून आत शिरल्या की पोरी अजून आवाज खाली आणत. ज्यांना त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, त्यासुद्धा. नाव मात्र एका तुकडीकडून दुसरीकडे बिनबोभाट चालत आलं होतं: वेलांटीबाई. बाईंना ते ठाऊक होतं. पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा त्या आठवडाभर घुश्शात होत्या. मग कुणीतरी ते न्हाणीघराच्या दारावर खडूने लिहिलं, आणि बाईंनी जवळ जाऊन पाहिलं तर शब्द अगदी शुद्ध लिहिलेला. तिथेच त्यांचा राग गेला.

शाळेला यंदा शंभर वर्षं होत होती आणि मुख्याध्यापिकेने जुन्या ट्रंकांच्या खोलीत प्रदर्शन मांडायचं ठरवलं होतं. या मुख्याध्यापिकेला येऊन सहा वर्षं झाली, पण बाईंच्या लेखी त्या अजून ‘नव्या बाई’च होत्या. नव्या बाईंनी भिंतींना पांढरा रंग दिला आणि शंभर वर्षांत वसतिगृह म्हणजे काय होतं ते दाखवायला एकेक वस्तू जमवली. लोखंडी पलंग, कपड्यांवर शिवायचे कापडी आकडे, पितळी घंटा, मिनिटामिनिटाला बांधलेलं वेळापत्रक. पहिल्या वर्षीचं नियमांचं पत्रकही सापडलं. त्यात लिहिलं होतं, की मुलीने घरची बोली, घरचे हट्ट आणि घरची भीती फाटकाबाहेर ठेवून आत यावे. नव्या बाईंना ते वाचून कसंसंच झालं. बाईंना त्यात काही वावगं दिसलं नाही. एके काळी शाळाच मुळी लांब होत्या, मुलींच्या तर आणखी लांब. शिकायचं तर घर सोडावं लागे, आणि सोडायचंच तर नीट सोडावं, असं त्यांचं मत होतं. घरून येतं ते कच्चं, इथून जातं ते पक्कं, असं त्या पालकांना तोंडावर सांगत.

प्रदर्शनातलं पत्रांचं टेबल बाईंकडे दिलं होतं, आणि ते दुसऱ्या कुणाकडे देण्याची छाती नव्या बाईंना झालीही नसती. रविवारचं पत्र ही या वसतिगृहाची जुनी रीत. न्याहारी आटोपली, टेबलं पुसली, की जेवणघरातच सगळ्यांनी घरी पत्र लिहायचं. आधी कच्च्या वहीत. वही बाईंकडे यायची, लाल शाईचे गोल पडायचे, आणि चुकलेला प्रत्येक शब्द खाली दहादा लिहून काढायचा. मग शाळेच्या कागदावर पक्कं पत्र, आणि पाकीट उघडंच टोपलीत. चौतीस वर्षं बाईंनी हा तास चालवला. तापाने फणफणल्या होत्या त्या रविवारी पोरींना रांगेने आपल्या खोलीवर बोलावलं होतं, पण तास चुकवला नव्हता.

आता माजी विद्यार्थिनींनी आईवडिलांची कपाटं धुंडाळून ती पत्रं पाठवली होती. दोनशेच्या वर भरली. बाई एकेक उलगडून वाचत होत्या आणि एकातही चूक सापडत नव्हती. टेबलावर लावायच्या पाटीचा मजकूर त्यांनी केव्हाच मनाशी ठरवला होता: ‘चौतीस वर्षांत या वसतिगृहातून एकही अशुद्ध पत्र बाहेर गेले नाही.’ आयुष्यभर काय केलंत असं कुणी विचारलंच, तर दाखवायला त्यांच्याकडे एवढं एक वाक्य होतं. लग्न केलं नव्हतं, मूलबाळ नव्हतं, पुस्तक लिहू म्हणता म्हणता राहून गेलं होतं. हे मात्र झालं होतं, आणि ते भिंतीवर लागणार म्हणून त्या लहान मुलीसारख्या खूश होत्या.

नेमकी त्याच आठवड्यात दाढ ठणकायला लागली.

बाईंची दातांची डॉक्टर ही त्यांचीच एक जुनी विद्यार्थिनी. बावन्न वर्षांची, डोळ्यांभोवती हसऱ्या सुरकुत्या असलेली, हाताची हलकी. बाई गेली नऊ वर्षं तिच्याकडे जात होत्या, कारण परक्या माणसासमोर तोंड उघडून बसायला त्यांना आवडत नसे. वेलांटीबाईंना ‘आ करा’ आणि ‘आता अजिबात बोलू नका’ असं फर्मावू शकणारी जगाच्या पाठीवर ती एकटीच.

त्या दिवशी डॉक्टरने हिरडीत सुई टोचली, ओठ बधिर होईस्तोवर थांबली, दाढेजवळ कापसाच्या दोन गुंडाळ्या ठेवल्या, आणि मग काम सुरू करायच्या आधी म्हणाली, की तिच्याकडेही पत्रं आहेत. वडील आता तिच्याकडेच राहायला आले होते. त्यांचं कपाट आवरताना चार वर्षांची सगळी पत्रं निघाली, तारखेवार लावून सुतळीने बांधलेली.

“प्रदर्शनाला देते मी ती,” ती म्हणाली. “पण आधी एक सांगायचंय, बाई. आणि तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही अशी वेळ मला पुन्हा मिळायची नाही.”

बाईंनी हसण्याचा प्रयत्न केला. ओठ हलला नाही.

डॉक्टर काम करता करता सांगत गेली, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट. तिचे वडील एका वर्तमानपत्राच्या छापखान्यात जुळारी होते. एकेक अक्षराचा शिशाचा खिळा उचलून ओळ जुळवायची, तीही उलटी, आरशात दिसते तशी. पाळी नेहमी रात्रीची. आई गेली तेव्हा ही नऊ वर्षांची होती. रात्री घरात पोर एकटी कशी ठेवायची, म्हणून त्यांनी तिला वसतिगृहात आणून सोडलं. जेवणघराच्या भिंतीवर तेव्हा पत्राचा नमुना टांगलेला होता. ‘मी इथे ठीक आहे’ हे त्यातलं दुसरं वाक्य. वडिलांनी ते वाचलं आणि ते तिच्याजवळ खाली बसले. म्हणाले, हे वाक्य तुला दर आठवड्याला लिहावंच लागणार असं दिसतंय. मग आपण असं करू. खरंच ठीक असलीस तर दुसरी वेलांटी दे, नसलीस तर पहिली. मला अख्ख्या पानात ती एक चूक दिसेल. दिसली की मी पुढची गाडी पकडून येईन आणि म्हणेन, चल, घरी जाऊ.

ड्रिलचा आवाज मध्येच थांबे, तेव्हा तेवढं तिचं बोलणं ऐकू येई.

“तीन रविवार मी पहिली वेलांटी दिली,” ती म्हणाली. “तीनदा तुम्ही गोल केलात. अकारान्त शब्द, उपान्त्य दीर्घ. दहादा लिहून आण. चौथ्या रविवारी मी आपणहूनच दुसरी दिली. नऊ वर्षांच्या डोक्याला किती कळतं? मला वाटलं, बाईंनी दुरुस्त केलं म्हणजे आता मला ठीकच असायला हवं.”

सुट्टीत घरी गेल्यावर तरी सांगायचं होतं, असं बाईंच्या डोळ्यांत उमटलं असावं, कारण डॉक्टरने त्याचंही उत्तर दिलं. सुट्टीत घरी गेली तेव्हा वडिलांनी तिची पत्रं छापखान्यात सगळ्यांना दाखवली होती. माझ्या पोरीच्या पत्रात कान्यामात्रेची चूक काढून दाखवा, असं ते पैजेवर सांगत. शेजाऱ्यांना म्हणत, आई नाही तरी पोर रमली हो. त्यांचा तो चेहरा पाहून तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. आणि पुढे, दुसऱ्या वर्षापासून, ती खरंच रमली. मैत्रिणी मिळाल्या, विज्ञानाची गोडी लागली, आज ती जी कोण होती ती त्या वसतिगृहामुळेच होती, हेही तिने सरळ सांगितलं.

“ते पहिलं वर्ष तेवढं...” ती म्हणाली आणि पुढचं वाक्य तिने दाढेत भरण्याच्या सिमेंटबरोबर दाबून टाकलं. मग हातमोजे काढत म्हणाली, “बाबा येणार आहेत प्रदर्शनाला. त्यांना यातलं काही माहीत नाही. चार वर्षं दुसरी वेलांटी बघून ते निर्धास्त झोपले. आता या वयात त्यांना कळायला नको. एवढं सांभाळा, बाई. चूळ भरा.”

बाईंनी चूळ भरली. मला माहीत नव्हतं, असं त्यांना म्हणायचं होतं, पण अर्धं तोंड मेलेलं. ‘म’चा ‘ब’ झाला, ‘त’ कुठल्या कुठे गेला. ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांचे उच्चार सुधारले, त्यांना आपलं एक वाक्य धड बोलता येईना. त्या पत्रांचं पुडकं पिशवीत घालून चालत घरी आल्या.

शाळेच्या मागच्या फाटकासमोर बाईंच्या दोन खोल्या होत्या. त्यांनी खिडकीपाशी बसून चार वर्षांची पत्रं ओळीने वाचली. अक्षर वळणदार, समास सरळ, मजकूर चोख. जेवण चांगले असते. अभ्यास चालू आहे. मी इथे ठीक आहे. त्या मुलीचा तेव्हाचा चेहरा आठवायचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला. आठवला नाही. बाकीच्या दोनशे पत्रांतल्याही कुणाचा या पत्रांवरून आठवला नसता, इतकी ती एकसारखी होती. आपण पोरीपोरीला ओळखत होतो, असं त्या सगळ्यांना छातीठोक सांगत आल्या होत्या.

मग त्यांना कपाटातल्या वह्यांची आठवण झाली. काही कच्च्या वह्या त्यांनी मुद्दाम ठेवल्या होत्या, पुढच्या वर्गांना नेहमीच्या चुका दाखवता याव्यात म्हणून. त्यांत डॉक्टरची लहानपणची वहीही निघाली, आणि ती तिथे असण्याचं कारण त्यांना ती उघडल्यावर कळलं: एकच चूक एका मुलीने लागोपाठ तीनदा करावी, याचं त्यांना तेव्हा नवल वाटलं होतं आणि वर्ष संपल्यावर त्यांनी वही नमुन्यासाठी काढून घेतली होती. पहिल्या रविवारी ‘मी इथे ठिक आहे’, त्याभोवती लाल गोल, खाली दहा वेळा ‘ठीक’. दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी पहिली वेलांटी इतकी मोठी आणि इतकी दाबून काढली होती, की कागद फाटला होता. ती चूक नव्हे, हाक आहे, हे कुणालाही दिसलं असतं. बाईंना वेलांटी दिसली होती. चौथ्या रविवारी शब्द शुद्ध होता आणि बाजूला लाल शाईत, त्यांच्याच ठसठशीत अक्षरात, ‘शाबास’ लिहिलं होतं.

बाईंना रडू फुटलं. शेवटचं कधी रडलो होतो हे त्यांना आठवेना, म्हणून की काय, रडणं आवरायचं कसं हेही सुचेना. दाढेचा बधिरपणा उतरला होता आणि आता सगळंच दुखत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नव्या बाईंना सांगितलं, की पाटीचा मजकूर बदलायचा आहे. वही लावायची नाही, हे त्यांनी ठरवलं होतं. डॉक्टरने सांगितलेलं मोडण्याचा प्रश्न नव्हता. पण ते जुनं वाक्य आता त्यांच्याने लिहवेना. इतर पोरींनी पहिल्या लिखाणात काय काय घातलं असेल आणि आपण काय काय खोडलं असेल, देव जाणे. निदान बघणाऱ्याला एवढं तरी कळावं, की ही पहिली पत्रं नव्हेत. त्यांनी लिहिलं: ‘ही पत्रे मुलींनी आधी कच्च्या वहीत लिहिली. ती तपासून, दुरुस्त करून, पुन्हा लिहून घेतली आहेत.’ नव्या बाई म्हणाल्या, हे फारच कोरडं वाटतंय, आधीचं वाक्य किती छान होतं. बाई म्हणाल्या, आधीचं छान होतं, हे नुसतं खरं आहे. नव्या बाईंनी हात टेकले आणि पाटी लावली.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळपासून खोली भरून गेली. साठीच्या बायका लोखंडी पलंगावर बसून फोटो काढून घेत होत्या, आपापले आकडे आठवून एकमेकींना त्याच आकड्यांनी हाका मारत होत्या. डॉक्टर वडिलांना घेऊन अकराच्या सुमाराला आली. ऐंशी ओलांडलेला, ताठ, इस्त्रीच्या सदऱ्यातला म्हातारा. दारातच थांबून त्याने वरचा फलक वाचला आणि अनुस्वार खाल्ल्याचं नव्या बाईंच्या नजरेस आणून दिलं. फलक चार दिवस तिथे होता आणि बाईंच्याही लक्षात आलं नव्हतं. एरवी त्यांना हा माणूस फार आवडला असता.

त्याने प्रत्येक टेबलावरचं अक्षरन् अक्षर वाचलं. पत्रांच्या टेबलापाशी आल्यावर आपल्या मुलीची पत्रं पाहून तो खुलला, शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बाईला ती दाखवू लागला. मग त्याची नजर पाटीवर गेली. ती त्याने एकदा वाचली, आणि पुन्हा एकदा, शब्दाशब्दावर थांबून, जुळारी छपाईआधी मुद्रित तपासतो तशी.

“पुन्हा लिहून घेतली,” तो हळूच म्हणाला. “दुरुस्त करून. म्हणजे पहिली कुठे आहेत?”

डॉक्टर वडिलांच्या मागेच उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला. ज्या एका माणसापासून लपवायचं होतं, त्याच्याच हातात आपण खऱ्याच्या हौसेने दोरा दिला, हे बाईंना त्या क्षणी कळलं. कच्च्या वह्या वर्ष संपलं की रद्दीत जात, असं त्या म्हणाल्या.

म्हाताऱ्याने बाईंना बाजूला, खिडकीशी बोलावलं. आवाज खाली आणून त्याने पहिल्या आणि दुसऱ्या वेलांटीची सगळी हकिगत सांगितली. गाडीची, घरी जाण्याची, चार वर्षं दर बुधवारी पत्र हातात पडलं की आधी तो एकच शब्द शोधायची. सांगताना सुरुवातीला तो हसत होता. शेवटी हसत नव्हता.

“ती पत्रं तपासली जातात हे मला माहीतच नव्हतं, बाई,” तो म्हणाला. “आज कळलं. तपासणाऱ्या तुम्ही. तेव्हा तुम्हालाच ठाऊक असणार. तिने कधी पहिली वेलांटी दिली होती का?”

बाईंनी चौतीस वर्षांत चुकीला बरोबर म्हटलं नव्हतं. परीक्षेत नाही, वशिल्याला नाही, संस्थेच्या अध्यक्षांच्या नातीला नाही. समोर ते थकलेले, पापणी न लवता पाहणारे डोळे होते.

“नाही,” बाई म्हणाल्या. “तुमच्या मुलीचा तो शब्द कधी चुकला नाही.”

“नक्की? इतक्या पोरींत तुमच्या लक्षात राहिलं?”

“मला पोरी वेलांटीबाई म्हणतात,” बाई म्हणाल्या. “माझ्या नजरेतून पहिली-दुसरी सुटायची नाही.”

म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडला. त्याने दोन्ही हातांनी बाईंचा हात धरला आणि त्यांचे आभार मानले. पोरीला सांभाळल्याबद्दल, शिकवल्याबद्दल, आणि त्या चार वर्षांच्या झोपेबद्दल. बाईंनी ते सगळे आभार उभ्या उभ्या घेतले. त्याहून कडक शिक्षा त्यांना कुणी देऊ शकलं नसतं. मग तो परत टेबलाकडे गेला आणि त्या अनोळखी बाईला म्हणाला, बघा तुम्ही हवं तर, एक चूक सापडायची नाही.

डॉक्टर खिडकीपाशी आली. तिने सगळं ऐकलं होतं. बाईंना वाटलं ती आभार मानेल, आणि आज आणखी आभार त्यांना सोसले नसते.

“मीच तुम्हाला सांगू नका म्हटलं होतं,” ती म्हणाली. तिचा आवाज नऊ वर्षांत बाईंनी कधी ऐकला नव्हता इतका लहान झाला होता. “पण बाबांनी विचारलं ना, तेव्हा वाटलं, तुम्ही हो म्हणाल. आणि ते वळून मला म्हणतील, चल, घरी जाऊ.”

“सांगू का मग?” बाईंनी विचारलं. “अजून सांगते मी.”

डॉक्टरने वडिलांकडे पाहिलं. ते वाकून आणखी कुणाला तरी पत्र वाचून दाखवत होते, बोट ओळीखालून सरकवत.

“नको,” ती म्हणाली. “आता त्यांनी यायचं तरी कुठे?”

बाईंनी तिचा हात आपल्या हातात घेतला. इतक्या वर्षांत कुठल्या पोरीचा असा हात धरल्याचं त्यांना आठवत नव्हतं. म्हाताऱ्याची सगळी पत्रं वाचून होईपर्यंत त्या दोघी तिथेच उभ्या राहिल्या.